ठकी कोणाच्या दावणीला?

मी, खाली सही करणारी, जनावरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांपायी उभी हयात घालवलेली निवृत्त शास्त्रज्ञ, वय एकोणसत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. मी त्यांना गाईच्या पोटाला कप्पे किती ते विचारलं, तर ते दोनवर अडकले. तरी दाखला काढायचा माझाच, असा कायदा आहे.

कलम एक. राहतं घर माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या निम्म्या-निम्म्या मालकीचं आहे. माझा हिस्सा तिला. आम्ही दोघी एकाच टेबलावर जेवतो आणि सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाही. पण त्याचा घराशी संबंध नाही, फ्रीजरशी आहे. तिकडे येतेच.

कलम दोन. सूक्ष्मदर्शक आणि पुस्तकं भाच्याला, म्हणजे धाकटीच्या मुलाला. पुस्तकं तो वाचणार नाही, हे मी जाणून आहे. निदान स्वतःच्या नखातला मळ तरी एकदा बघावा, माणूस जरा जमिनीवर येतो.

कलम तीन. माझे माजी विभागप्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे फिनेलसाहेब म्हणायचो, त्यांना परसातल्या मुरलेल्या खताची एक बादली, झाकणासकट. जंतू म्हणजे घाण, एवढंच शास्त्र त्यांना येत होतं. आजारी गाईला ते औषधावर औषध ठोकायचे. त्यात रोगाचे जंतू मरायचे आणि चारा पचवणारेही मरायचे, मग गाय रवंथ सोडून मान टाकून बसायची. अशा गाईला निरोगी गाईच्या पोटातला रस पाजला की ती पुन्हा वैरणीला तोंड लावते, हे मी दाखवून दिलं. तेव्हा साहेब नाक दाबून म्हणाले, याला शास्त्र म्हणत नाहीत, उष्टं म्हणतात. बादली पोचती करताना झाकण त्यांच्यासमोर उघडावं.

कलम चार. फ्रीजर. यात माझा जन्माचा संग्रह होता. गाई, शेळ्या, मेंढ्या, झालंच तर एक हरीण, या सगळ्यांच्या शेणा-लेंड्यांचे आणि पोटातल्या रसाचे नमुने, कुपीकुपीत गोठवलेले. मी पाय मोडून दवाखान्यात पडले होते, तेव्हा मला घरी आल्यावर प्रसन्न वाटावं म्हणून धाकटीने घर घासूनपुसून काढलं. फ्रीजर बंद करून धुतला, कुप्या गुलाबाच्या वाफ्यात रिकाम्या केल्या, वर उकळून ठेवल्या आणि फ्रीजरमध्ये मटार भरले. मी कुबड्यांवर उभी राहून जाब विचारला, तर म्हणाली, "अगं, शेणच तर होतं." ते आमचं शेवटचं बोलणं. त्या वर्षी गुलाब असे फुलले की बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. फ्रीजर मटारासकट तिलाच.

कलम पाच. ठकी. ही मी जिथे नोकरी केली त्या संशोधन संस्थेची म्हातारी गाय. तिच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेने थेट पोटात पाडलेलं वाटीएवढं भोक आहे आणि त्याला रबरी बूच. त्यातूनच आम्ही रस काढायचो, तिला न दुखवता. कुप्या गेल्यावर माझ्या कामातलं जे जिवंत उरलं, ते तिच्या पोटात आहे. निवृत्त होताना मी हट्ट धरला, म्हणून संस्थेने ती माझ्या हयातीपुरती माझ्या परसात दिली. मी डोळे मिटले की ती परत जाणार आणि लिलावात निघणार. बूच लावलेली भाकड गाय कोण घेतं आणि कशाला, हे मला पक्कं ठाऊक आहे. मरणाची मला भीती नाही, पण या एका गोष्टीने जीव थाऱ्यावर नसतो. ती कायमची दुसऱ्या कोणाच्या नावावर करायला संस्था तयार आहे, फक्त त्या माणसाने आपणहून अर्जावर सही करायला हवी. कोरा अर्ज माझ्या टेबलावर कधीचा पडून आहे.

ठकी माझ्याशिवाय जवळ येऊ देते ते माणूस एकच, धाकटी. आमचं बोलणंही ठकीमार्फतच चालतं. धाकटी गोठ्यात जाऊन मोठ्याने म्हणते, ठके, सांग हिला, गोळ्या घेतल्या नाहीत अजून. मी म्हणते, ठके, सांग तिला, घेतल्या. ठकी रवंथ करत राहते. पण गोठ्याकडून वारा आला की जी वासाने खिडक्या लावून घेते, तिच्या गळ्यात गाय कशी बांधू? आणि अबोला धरून बसल्यावर विचारू कोणत्या तोंडाने? सबब, ठकीचा ताबा मी

वरचं वाक्य अर्धवट राहिलं आहे. कारण असं की, धाकटी चहा घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहून सगळं वाचत होती. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, ते आधी पुसलं, आणि मधे गाय नसताना सरळ मला विचारलं, "सही कुठे करायची?"

मी अर्ज पुढे सरकवला. मला रडू येत होतं, म्हणून मी खेकसलेच. म्हटलं, बूच रोज स्वतःच्या हाताने धुवावं लागतं, अंगावर उडतं, वास आठवडाभर जात नाही.

"शेणच तर आहे," धाकटी म्हणाली, आणि तिने सही केली.

सबब कलम पाच रद्द. ठकी आजपासून, माझ्या जिवंतपणीच, धाकटीची. बाकी कलमं कायम, खताच्या बादलीसकट. खाडाखोड माझ्याच हातची आहे.

साक्षीदार पहिले : डॉक्टर. कप्पे चार, हे आता त्यांना पाठ आहे.
साक्षीदार दुसरे : शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. हे मजकूर वाचला नाही म्हणतात, पण डोळे पुसत होते.
ठिकाण : आमचं स्वयंपाकघर. तारीख व वार : डॉक्टरांनी विचारलेलाच.
सही : थोरली.

ता. क. ठकीस कळवावे की निरोप पोचवण्याचं काम आजपासून संपलं. आता निवांत रवंथ करत बसावं.