माझ्या अनुभवाचा लाभ

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. थोर माणसांनी मागे कागद ठेवले नाहीत तर लोक वाटेल ते लिहितात.

सकाळी भाची अवनी आली होती. तिची ‘गल्लीबोळ’ नावाची कंपनी आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती पुणं ‘स्थानिकांच्या नजरेतून’ दाखवते. चहा घेता घेता म्हणाली, “मामा, लोकांना तुमचा अनुभव घ्यायचाय.”

शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. पाटबंधारे खात्यात मी जन्म काढला. पेशवाईत कात्रजच्या तलावातून पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी कसं आणलं, या विषयावर माझ्याइतकं बोलणारा माणूस शहरात नाही. ऐकणारा मात्र अजून भेटलेला नाही. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर व्याख्यान ठेवलं होतं. तिघे आले. त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला आले होते. घरी तर पाणी आजवर कात्रजच्या पुढे सरकलेलं नाही, कारण तेवढ्यात आनंदीला कुकर आठवतो.

आनंदी म्हणजे आमची सौ. ती आज अवनीबरोबर स्वयंपाकघरात बराच वेळ हसत होती. माझ्याबद्दलच बोलत असाव्यात. कौतुकाने हसू येतंच.

संकल्प: श्रोत्यांशी प्रेमाने वागायचं. स्वभाव मुळात मृदू असल्यामुळे जड जाऊ नये.

८ नोव्हेंबर, शनिवार
पहिला वॉक. अपूर्व यश.

मंडईच्या दाराशी जमलो. बंगळूरचे चार आयटीवाले, एक डच जोडपं, आणि कोथरूडचे एक गृहस्थ आपल्या दिल्लीच्या व्याह्यांना घेऊन. हे कोथरूडवाले उशिरा आले. मी त्यांना प्रेमाने म्हणालो की पाणी शतकभर कात्रजहून वेळेवर येत होतं, आपल्याला कोथरूडहून जमलं नाही. सगळे हसले. ते स्वतःही हसले. चूक दाखवली की हसतो तो सुसंस्कृत माणूस.

एका आयटीवाल्याने चांगली मिसळ कुठे मिळेल असं विचारलं. त्याला समजावलं की मी शहराच्या पोटातलं पाणी दाखवतोय, तुमच्या पोटाचं तुम्ही बघा. डच गृहस्थांनी त्यांच्याकडच्या कालव्यांचा विषय काढला. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर पाणी बाहेर काढता, आम्ही आत आणलं, तुलना नको. अवनी इंग्रजीत भाषांतर करत होती. माझं एक वाक्य झालं की तिची तीन व्हायची आणि मग हशा पिकायचा. भाषांतरात ती बहुधा विनोद घालते. सांगायला हवं.

आज पाणी पद्मावतीपर्यंत नेलं. इतकी माणसं इतका वेळ माझ्याकडे बघत उभी होती. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
अवनी म्हणते लोक भरभरून स्टार देतात. शब्द वापरतात ‘अविस्मरणीय’. मी प्रतिक्रिया वाचायला मागितल्या. तिच्या फोनची बॅटरी संपली होती.

आज एक रत्न सापडलं. समाधान नावाचा तरुण. तिशीचा असेल. नाटकांत काम करतो म्हणाला, पण त्याला मी महत्त्व दिलं नाही. पहिल्या रांगेत उभा, नजर माझ्यावर, मधूनच फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करत होता. बाकीचे सेल्फी काढत होते (एका मुलीला म्हटलं, बाळ, तुझा चेहरा तुझ्याकडे रोज असतो, हौदाकडे बघ). समाधान मात्र उताराबद्दल विचारत होता. कात्रज ते शनिवारवाडा, पंप नाही, वीज नाही, पाणी नुसत्या उतारावर कसं यायचं. हा प्रश्न मला आयुष्यात प्रथमच कुणी विचारला. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे मंडईत.

येरवड्याचा आहे. त्याच्या आजोबांचा जन्मसुद्धा तिथलाच. नदीपलीकडच्या भागाला मी व्यक्तिशः पुणं धरत नाही. त्याला मोठ्या मनाने धरलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
समाधान परत आला. त्याला ‘उच्छ्वास’ समजावले. म्हणजे जमिनीखालच्या नळाला श्वास घेता यावा म्हणून वाटेत ठेवलेली दारं. त्याने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाला, “काका, ‘उच्छ्वास’ म्हणायच्या आधी तुम्ही थांबता आणि आमच्याकडे बघता, ते फार भारी आहे.”

इतकं बारकाईने कोण ऐकतं? पोटच्या मुलाने ऐकलं नाही. आमोद पुण्यात असताना ऐकत नसे, आता सिंगापूरहून ऐकत नाही. समाधानला घरी आणलं. आनंदीने त्याला साबुदाण्याची खिचडी दिली. ती त्याला नावाने ओळखत होती. मी बोललो असेन.

ठरवलं: माझ्या पश्चात हौदांचा विषय या मुलाच्या हाती द्यायचा. त्याला इतक्यात सांगायचं नाही. हुरळून जाईल.

३० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळ
लिहवत नाही. पण लिहितो.

आज मन फार प्रसन्न होतं. इंदूरहून आलेलं एक कुटुंब होतं, शांत, विचारी. कुणाला काही बोलावंसं वाटलं नाही. पद्मावती, स्वारगेट, सगळं बिनहरकत पार पडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पाणी थेट शनिवारवाड्यात पोचलं. मी हात जोडले. तेव्हा त्यातल्या बाई पुढे आल्या आणि हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, “अंकल, आपने तो हमें डाँटा ही नहीं.”

मला समजेना. त्यांनी फोन दाखवला. माझा फोटो. बोट वर, भुवया वर, तोंड उघडं. वर इंग्रजीत लिहिलेलं: गेट स्कोल्डेड बाय अ रिअल पुणेकर. खाली: पेठेतल्या अस्सल काकांकडून अपमान करून घ्या, अपमानाची हमी, पाण्याच्या जुन्या व्यवस्थेवर थोडी माहितीही मिळेल.

थोडी. माहितीही.

म्हणजे ते माझ्या अनुभवाचा लाभ घ्यायला येत नव्हते. माझा अनुभव घ्यायला येत होते. प्राणिसंग्रहालयाचा घेतात तसा.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मला वाटलं होतं ते ऐकतायत.

२ डिसेंबर, मंगळवार
काल अवनीला बोलावून खडसावलं. हा विश्वासघात आहे, पेठेचा आणि सख्ख्या मामाचा. ती शांतपणे म्हणाली, “मामा, पाण्याचा इतिहास नेटवर मिळतो. तुम्ही नाही मिळत.”

हा मला अपमान वाटला. रात्रभर विचार केला, तरी वाटला.

मग कळलं की ‘अपमानाची हमी’ हे शब्द आनंदीचे. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली की इतकी वर्षं मी ऐकत आले, मला कुणी स्टार दिले नाहीत. तिच्याशी अबोला धरला आहे. अजून तिच्या लक्षात आलेला नाही.

मी तिरकस बोलतो हा आरोप तर निराधारच आहे. पुणेकरांची ही बदनामी बाहेरच्यांनी केली. (माझा जन्म कराडचा, हा तांत्रिक मुद्दा अवनीने मध्ये आणला. मी दुर्लक्ष केलं.)

प्रतिज्ञा: रविवारी जायचं आणि इतकं गोड बोलायचं की कंपनी बुडाली पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार
गोड बोललो. परिणाम भयंकर.

नागपूरची मंडळी वेळेआधी आली होती. मी मनापासून म्हणालो, “आपण फारच लवकर आलात.” ते हसून वाकले. एका काकूंना म्हटलं, आपल्याला उन्हात उभं राहायचा त्रास होत असेल, आपण सावलीत या. त्यांनी हसता हसता डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, बघा, कसा गोडीत मारतो. मी शपथेवर सांगितलं की मी टोमणा मारत नाही. त्यावर टाळ्या झाल्या.

एका गृहस्थाने खरंच चांगला प्रश्न विचारला. मी म्हटलं, किती हुशार आहात आपण. तो ओशाळला आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. मला त्याला सांगायचं होतं की बाबा, खरंच हुशार आहेस. कसं सांगू? माझ्या तोंडून ‘आपण’ निघालं की या शहरात ती शिवी होते.

जागेवरच राजीनामा दिला. तो विनोद समजून लोकांनी व्हिडिओ काढला. घरी येऊन फोनवर पुन्हा दिला. अवनी म्हणाली ठीक आहे मामा, दमला असाल, विश्रांती घ्या. एकदासुद्धा आग्रह केला नाही.

आता बघू, मी नसताना कोण येतंय.

१३ डिसेंबर, शनिवार
माझ्याशिवाय आठवडाभरात कंपनी बसणार असा अंदाज होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नवा व्हिडिओ टाकला आहे. मंडईच्या दारात पांढरा झब्बा, टोपी, नाकावर उतरलेला चष्मा. बोट वर, भुवया वर.

समाधान.

आनंदीला विचारावं लागलं, त्यामुळे अबोला सुटला. ती म्हणाली, अवनीने त्याला पहिल्यापासून त्यासाठीच आणला होता. थंडीवाऱ्याचे दिवस, मामांचा घसा बसला तर पर्यायी माणूस हवा. तालीम म्हणून तो वॉकला यायचा. उतार, उच्छ्वास, पहिल्या रांगेतली ती नजर, सगळी तालीम. मी त्याला माझा विषय देऊ केला होता, मनातल्या मनात. त्याने माझा आवाज नेला.

अवनीने फसवलं, आनंदीने फसवलं, त्याचं एवढं नाही. घरचीच माणसं. या मुलाला मी जीव लावला होता.

१४ डिसेंबर, रविवार
गेलो. भामट्याचं पितळ उघडं पाडायला. मफलर गुंडाळून गर्दीच्या मागे उभा राहिलो.

येरवड्याचा मुलगा पेठेतला म्हातारा करतो आणि दिल्लीचे लोक त्याला अस्सल समजतात. आणि करतो कसा? उशिरा आलेल्या बाईला नुसतं घड्याळ दाखवलं आणि एवढंच म्हणाला, ‘या’. हे मी कधी केलं नव्हतं. करायला हवं होतं.

मग कात्रजहून पाणी काढलं. पद्मावतीला त्याने उतार चुकीचा सांगितला. मला राहवेना. मागून ओरडलो की नाटक्या, पाणी वर चढवतोस काय. सगळे वळले. समाधानने टोपी काढली, लोकांना म्हणाला, “हे ओरिजनल,” आणि वाकून माझ्या पाया पडला. फोटो. फोटो. फोटो.

मी निघून आलो. पाया पडताना त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसला नाही, हे नोंदवून ठेवतो. नट आहे. दिसणार नाहीच.

२१ डिसेंबर, रविवार
आता हद्द झाली. पाच वाजता खाली गलका. गॅलरीत जाऊन बघतो तर समाधान वीसेक माणसं घेऊन आमच्या इमारतीसमोर. वर बोट दाखवून हळू आवाजात सांगत होता की इथे मूळ काका राहतात, नशिबात असेल तर दिसतील. वाघ आहे का मी?

वरून सुनावलं. रस्ता सार्वजनिक आहे, माझी दुपारची झोप नाही. ज्यांना आपल्या घराचा पत्ता माहीत आहे त्यांनी तिकडे जावं. टाळ्यांनी पेठ दुमदुमली. शेजारच्या इमारतीतलेही वाजवत होते. शेजाऱ्यांनी तरी.

पोलिसांत तक्रार करणार. उद्या.

२७ डिसेंबर, शनिवार
तक्रार राहिली. सर्दी.

निश्चय केला होता की कितीही आवाज होऊ दे, गॅलरीत जायचं नाही. कानात कापूस घालून आत बसलो. ते आले, थांबले. थोड्या वेळाने समाधानचा आवाज आला, कापसातूनही आला. कात्रजपासून सुरुवात केली त्याने. पद्मावतीला पुन्हा तोच उतार, पुन्हा चुकीचा. मला दाट संशय आहे की मुद्दाम.

गेलो बाहेर. काय करणार, पाणी तुंबलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरून सगळं सांगितलं. उतार सांगितला. उच्छ्वास सांगितले. कुणाला टाकून बोललो नाही, कुणी हसलं नाही. समाधान माना वर करून उभ्या असलेल्या लोकांना हळूच भाषांतर करून सांगत होता. पाणी स्वारगेटवरून आलं, शुक्रवार पेठेतून आलं, शनिवारवाड्यात पोचलं. खाली अगदी शांत. मला वाटलं, ऐकलं. आज ऐकलं.

मग मागच्या बाजूने एक मुलगी हात वर करून फार आदबीने म्हणाली, “काका, आता ओरडा ना.”

समाधानने मान खाली घातली.

ओरडलो. पोटातून ओरडलो. काय बोललो ते आठवत नाही. टाळ्या थांबेनात.

२८ डिसेंबर, रविवार. दुपार
पाच वाजता येतील. बाहेर जाणार नाही. हा शेवटचा निर्णय.

पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.