वळणावर अडलेली खोली

३ मार्च
दादाने परस्पर ठरवून टाकलं! आईसाठी त्याच्या घरामागच्या अंगणात खोली — कारखान्यात बनवलेली. भिंती, फरशी, न्हाणीघर, दिवे, सगळं तिकडेच तयार होणार, ट्रकवरून येणार, क्रेनने उतरवणार.

पडल्यापासून आई माझ्याकडे चौथ्या मजल्यावर अडकली आहे. लिफ्ट नाही. जमिनीला पाय लागून वर्ष होत आलं. तिची औषधं, तिची आंघोळ, तिची किरकिर — मी बघते. आणि निर्णय? साहेबांचा! "तुझीही सुटका होईल," म्हणाला. मी मागितली होती?

१९ मार्च
आई खूश. "गवंड्याच्या मागे लागायला नको, धूळ नको. इकडे पाया होतोय तोवर तिकडे खोली तयार!" दादाने पढवलंय सगळं. मी दादाला फक्त एवढंच सुचवलं की खिडकी थोडी खाली घ्या, तिला बसल्या बसल्या बाहेर दिसेल. "आता बदल होत नाहीत, नकाशा कारखान्यात गेला." म्हणजे आईनेच उंच व्हायचं! फोन आपटला.

१४ एप्रिल
कारखान्यात जाऊन आले. खोट काढायलाच गेले होते. सापडली नाही. फरशी एकसारखी, दाराला उंबरठा नाही, न्हाणीघरात धरायला दांड्या. आणि खिडकी — खाली घेतलेली! दादा एका शब्दाने बोलला नव्हता. त्याचाही राग आला.

६ मे
डोकं फिरलंय! खोली ठरल्या दिवशी आली आणि दादाच्या गल्लीच्या वळणावर अडली. शहाण्याने गल्लीची रुंदी मोजली, खोलीची मोजली, वळण मोजलंच नाही! एवढा लांब ट्रक वळणार कसा? वरून उचलावी तर विजेच्या तारा.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सुटे भाग असते तर हातांनी नेले असते. ही अख्खी आहे." सुटे भाग मिळत होते की! यालाच अख्खी हवी होती — इथे जोडत बसायला नको, आईला लगेच राहायला जाता यावं म्हणून. आणि आई माझ्या घरी सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली! भर रस्त्यात दादाला वाट्टेल ते बोलले. तो ट्रकला टेकून ऐकत राहिला.

७ मे
खोली परत कारखान्याच्या आवारात. कोपऱ्यावरचा शेजारी कुंपणाची भिंत पाडू देत नाही. आई जेवली नाही. मी आणि दादा भांडत असताना मध्येच म्हणाली, "अरे, ती उचलून कुठेही ठेवता येते ना? मग इथे खाली पार्किंगमध्ये ठेवा की!"

एवढं साधं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! सोसायटीच्या सेक्रेटरीने आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, "तात्पुरती हं."

१५ मे
ट्रक सरळ आत आला. चौघांनी आईला खुर्चीसकट खाली आणलं. चपला काढून ती आधी मातीत उभी राहिली. मग खोलीत गेली.

२८ मे
दादाचा फोन. शेजारी भिंत पाडायला तयार झाला, रविवारी खोली हलवू म्हणतो. माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की खाली आईची खिडकी दिसते. ती आत भाजी निवडत होती.

"दादा, राहू दे ना ती भिंत," एवढंच बोलता आलं.