बिननावाची सिद्धता

६ जानेवारी, मंगळवार

आज केलं ते चुकीचं असेल. पण केलं. अपेक्षाच्या शिकवणीतल्या सात मुलांचे पेपर टेबलावर तपासायला होते. त्यात आठवा माझा सरकवला. नाव लिहिलं नाही.

लग्न ठरताना माझ्या मामांनी मुलीकडच्यांना सांगितलं होतं — मुलगा दहावी पास. मी मान खाली घालून बसलो. गणितात तीनदा राहिलोय. आणि बायको मिळाली अपेक्षा — बारावी झालेली, दहावीच्या मुलांना भूमिती शिकवणारी! तीही अष्टमी गावातल्या आमच्या एवढ्याशा खोलीत. ती बाहेर शिकवते, मी आत भाजी चिरत ऐकतो. मार्चमध्ये पुन्हा बसतोय. फॉर्म गुपचूप भरलाय.

७ जानेवारी

कामावर जायच्या आधी ढिगातून माझा पेपर काढून घेतला.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° — सिद्ध करा. मी पाच त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले होते, अर्ध्या अंशाचीही चूक नाही. खाली लाल शाईत: "आकृत्या सुंदर. पण मोजलं म्हणजे सिद्ध झालं नाही. सहावा त्रिकोण कोण मोजणार?"

'सुंदर' तीनदा वाचलं.

१२ जानेवारी

वरसे गावातल्या बांधकामावर पायाची आखणी. दिनानाथ मिस्त्रींनी दोरी लावली — एकीकडे तीन फूट, दुसरीकडे चार, तिरकं पाच. झाला काटकोन. मी विचारलं, असं का होतं?

"का म्हंजे? माझा बाप असाच काढायचा. एक घर तिरकं गेलं नाय."

"पण सिद्ध कुठे केलंय?"

"तू आधी चुन्याची फक्की टाक. सिद्ध तुझी बायको करंल."

मी फक्कीचं घमेलं उचललं. त्यांना काही माहीत नाही, उगाच बोलले.

१४ जानेवारी

पायथागोरसच्या प्रमेयात कारण म्हणून लिहिलं होतं: दोरी लावून पाहिली. लाल शाई: "बाजू सात आणि अकरा असल्या तर? काटकोनातून कर्णावर लंब टाक. मग बघ काय दिसतं."

तिळगूळ देताना मात्र अपेक्षा नेहमीसारखं 'गोड गोड बोला' म्हणाली.

१९ जानेवारी

दिसलं!

लंब टाकला की मोठ्या त्रिकोणाचे दोन तुकडे होतात. तिघांचे कोन सारखे, म्हणून तिघे समरूप. बाजूंची गुणोत्तरं मांडली, बेरीज केली, की कर्णाचा वर्ग आपोआप हातात येतो. कुठल्याही काटकोन त्रिकोणात. मोजायची गरजच नाही.

जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या गोणीवर मिस्त्रींना काढून दाखवलं. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "म्हंजे मोठ्याच्या पोटात दोन, त्याच्याच तोंडवळ्याचे. पोरंच की रं त्याची."

१ फेब्रुवारी, रविवार

पेणला सासुरवाडी. जेवताना सासरे म्हणाले, "जावईबापू, एका कंपनीत सुपरवायझरची जागा निघतेय. दहावीचं मार्कलिस्ट तेवढं द्या."

"गावी आहे. आईच्या पेटीत."

आणखी एक खोटं. मी भात कालवत राहिलो. अपेक्षा म्हणाली, "बाबा, जेवू द्या ना त्यांना."

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिकिटामागचा मजकूर वाचत होतो.

१६ फेब्रुवारी

शिकवणीतली दिशा म्हणाली, "मॅडम, आपण तर सातच. हा आठवा कोण? अक्षर बघा, छापल्यासारखं."

"आहे एक. हुशार आहे. घाबरट आहे."

मी आत. हातात अर्धा चिरलेला कांदा.

२४ फेब्रुवारी

लाल शाईत: "सिद्धता पूर्ण. प्रत्येक पायरीला कारणही दिलंस. मात्र यापुढे नाव नसलेला पेपर तपासणार नाही."

२५ फेब्रुवारी

कोपऱ्याचा काटकोन बघायला गुण्या लावत होतो. मिस्त्री म्हणाले, "गुण्या उलटा धरलास रं, भिंत कुठं नेतोस?"

नाव लिहिलं तर ती पेणला निघून जाईल. लग्न झाल्यापासून आठ महिने मला हेच वाटतंय. पण हे मी कधी मोजलेलं नाही. सिद्धही केलेलं नाही. नुसतं धरून चाललोय.

संध्याकाळी नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पेपर ढिगात सगळ्यांत खाली ठेवला.

२६ फेब्रुवारी

चारपैकी साडेतीन. खाली लाल शाईत:

"अर्धा गुण उशिराबद्दल कापला. अहो, साखरपुड्याच्या आधीच तुमच्या आईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. पेणला मी चौथीच्या मुलांची शिकवणी घ्यायचे. इथे दहावीची भूमिती कोणासाठी सुरू केली असेल?"