डेलमार कुबिक यांनी कालवलेल्या खाद्याबाबत

प्रति,
मा. पशुरोग तपासणी अधिकारी,
हार्लो जिल्हा पशुरोग तपासणी कार्यालय,
नेब्रास्का.

विषय : मंजूर झालेली भेट आमच्या घरी न देता चर्चच्या सभागृहात देणेबाबत.
संदर्भ : गुरुवारची भेट मंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी, आर्लीन कुबिक, पुढीलप्रमाणे विनंती अर्ज सादर करते.

१. माझे पती डेलमार कुबिक हे श्री. ओल्टमन यांच्या आवारात गुरांना खाद्य घालण्याच्या कामावर होते. कत्तलीला जाण्यापूर्वीचे शेवटचे काही महिने गोऱ्हे तेथे वजन भरण्यासाठी ठेवतात. दळलेला मका, थोडे वाळलेले गवत आणि मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यातून येणारा ओला चोथा एकत्र कालवून गव्हाणीत टाकणे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्या कोटाला आंबलेल्या पावाचा वास येत असे. मी त्या वासाला कधी नावे ठेवली नाहीत.

२. गेल्या उन्हाळ्यात जुनी विहीर आटली आणि श्री. ओल्टमन यांनी खोल बोअर घेतली. माझ्या पतींनी त्यांना माझ्यासमोर सांगितले, "या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतोय. जनावरं तोंड लावून मागं सरतायत." त्यावर श्री. ओल्टमन म्हणाले, "तहान लागली की झक मारत पितील. तू गव्हाणीचं बघ, पाण्याचं मी बघतो." त्याच सुमारास मका महागला म्हणून चोथ्याचे प्रमाण वाढवण्याचा हुकूमही त्यांनीच दिला. माझ्या पतींनी सांगितले तेवढेच वाढवले.

३. त्यानंतर काही दिवसांतच एक गोऱ्हा मान वर करून आभाळाकडे बघत उभा राहिला, तो हलेना. दुसऱ्या दिवशी आणखी काही गोऱ्हे कुंपणाला कपाळ टेकून उभे दिसले. त्यांना दिसत नव्हते. माझे पती त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवत आणि घरी येऊन न जेवता बसत. मग जनावरे पडू लागली. पाय झाडत मरायची.

४. आपण तपासणीस आलात. गव्हाणीतील खाद्याचा नमुना घेतलात, पाण्याचा घेतला नाहीत. श्री. ओल्टमन यांच्याशी बोललात, माझ्या पतींशी नाही. "खाद्य मिसळणाऱ्या इसमाच्या निष्काळजीपणामुळे" असे अहवालात आले आणि त्यांचे काम सुटले.

५. दर शनिवारी चर्चच्या सभागृहात पत्त्यांचा डाव असतो. तेथे कोणीतरी म्हणाले, "डेलमार, आज सूपला हात लावला नाहीस ना रे बाबा?" सगळे हसले. माझे पतीही हसले, पुढचे पान टाकले, डाव पुरा केला. पुन्हा तेथे गेले नाहीत.

६. हिवाळ्याच्या तोंडावर नदीपलीकडच्या आवारातही गुरे आंधळी होऊन मेली. तेव्हा आपल्याच कार्यालयाने सूचना लावली की, खोल बोअरच्या पाण्यात गंधकाचे क्षार फार आहेत, चोथ्यातही गंधक असते, आणि दोन्हींतले गंधक मिळून जनावराच्या मेंदूवर परिणाम करते. सबब असे पाणी आणि चोथा एकत्र देऊ नये. ती सूचना मी पतींना स्वयंपाकघरात उभी राहून वाचून दाखवली. ते म्हणाले, "असेलही पाण्याचं. पण कालवणारा हात माझाच होता ना?" मी म्हटले, "तुमची चूक नव्हती हो." तर म्हणाले, "अगं, तू बायको माझी. तू असंच म्हणणार."

७. म्हणून मी अर्ज केला की अहवाल दुरुस्त व्हावा. उत्तर आले की, दुरुस्तीचा अर्ज संबंधित इसमानेच केला पाहिजे. संबंधित इसम सही करीना. "सरकारी माणसानं लिहिलंय, उगाच कशाला लिहील?" असे त्याचे म्हणणे. हे मी आपल्या कार्यालयात फोनवर सांगितले, तेव्हा तेथील बाई म्हणाल्या, "मग त्यांना मान्यच आहे की! तक्रार कुठं उरली?" मी फोन ठेवला.

८. तेव्हा मी दुसरा अर्ज केला. अहवाल राहू द्या, आपण फक्त एकदा घरी यावे आणि त्यांच्यासमोर बसून तोंडाने सांगावे की दोष पाण्याचा होता. येताना कार्यालयाची टोपी घालून यावे, असेही मी लिहिले होते. ते वाचून आपल्या कार्यालयात कोणी हसले असेल, तर हरकत नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, टोपीवर बसला असता.

९. आपण विनंती मान्य करून पुढच्या आठवड्याचा गुरुवार दिलात, याबद्दल आभारी आहे. पत्र बुधवारी मिळाले. माझे पती त्याआधीच्या रविवारी पहाटे झोपेत गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी वाद घातला नाही.

१०. कळवणे भाग आहे म्हणून कळवले. भेट रद्द करू नये, ही कळकळीची विनंती. मात्र आता घरी येऊन सांगण्यासारखे कोणी नाही. दोष पाण्याचा होता हे मला आधीपासून माहीत आहे. तरी गुरुवारऐवजी शनिवारी संध्याकाळी सभागृहात यावे आणि जे त्यांना सांगणार होतात ते तेथे मोठ्याने सांगावे. त्यांचे पूर्ण नाव घ्यावे. श्री. ओल्टमनही तेथे असतात. लोक खेळत असतील, गलका असेल. पत्ते खाली ठेवायला लावण्याचे काम माझे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
आर्लीन डेलमार कुबिक
दिनांक : १२ फेब्रुवारी

सोबत : पाण्याबाबतच्या सूचनेची प्रत. मृत्यूचा दाखला अद्याप हाती आलेला नाही, आल्यावर पाठवीन.