फिरमीन आणि आमचे दोन खांब

ती. ताईस,

देवदत्ताचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण गेल्या गौरीला घातला तेव्हा मला उठवायला दोन माणसं लागली होती, तेव्हा हा कमरेपासूनचा समज.) तुझं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेल, भावोजींचा खोकला गेला असेल आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट एकदाची सुरू झाली असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठीक. हिची कंबर अधूनमधून कुरकुरते. माझे दात कुरकुरत नाहीत, कारण ते आता वाटीत असतात. डोंबिवलीला फोन लागत असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. ताई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, मला वाक्य पूर्ण करायची सवय. तू बावीस वर्षं मुख्याध्यापिका, तुला दुसऱ्याचं वाक्य आपणच पूर्ण करायची. पत्रात तेवढं माझं चालतं.

तर झालं असं. बागेतल्या मागच्या दोन खोल्या आपण पर्यटकांना देतो, हे तुला ठाऊक आहेच. डिसेंबरात गणपतीपुळ्याला सगळी लॉज भरली, तेव्हा रिक्षावाल्याने एक स्पॅनिश गृहस्थ आमच्या अंगणात आणून सोडला. उंची सहा फूट तीन इंच, वय एकोणचाळीस, डोक्यावर केस बेताचे. दोन रात्री राहणार म्हणाला. खोलीत शिरताना चौकटीवर डोकं आपटलं, बाहेर येताना पुन्हा आपटलं, आणि दोन्ही वेळा त्याने चौकटीचीच माफी मागितली. हिला तो तिथेच आवडला. नाव फेर्मीन. हिला ते 'फिरमीन' असं ऐकू आलं आणि तिच्यापुरतं तेच कायम झालं. (मीन म्हणजे मासा, आणि हा मासा किती फिरलेला होता ते पुढे येईलच.)

नोंदवहीत 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'फुटबॉल' लिहिलं. मी विचारलं, कुठे खेळलात? तो बोटं मोजायला लागला. स्पेन, सायप्रस, पोलंड, ग्रीस, बोलिव्हिया, कझाकस्तान, इंडोनेशिया आणि शेवटी गोवा. सतरा वर्षं, आठ देश, बारा क्लब! ताई, माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना कर. मी हे सगळे देश छडीने दाखवले आहेत, पण स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे गेलो नाही. मी धावत जाऊन शाळेतून निवृत्त होताना मिळालेला मोठा नकाशा आणला, पडवीत पसरला आणि म्हटलं, सांगा. बोलिव्हियात एवढ्या उंचीवर श्वास कसा घेतात? तर म्हणे, ऑक्सिजनचं नळकांडं खेळाडूंना मिळायचं, आम्हाला शेवटी उरलं तर. टिटिकाका सरोवर पाहिलंत? नाही, त्या दिवशी सराव होता. कझाकस्तानातला गवताळ प्रदेश? बसच्या काचेवर बर्फ होता. इंडोनेशियातले ज्वालामुखी? एक दिसला, पण तो म्हणे जाहिरातीच्या फलकावर होता. मला वाटलं, मोठे खेळाडू असेच असतात, चेंडूखेरीज काही दिसत नाही त्यांना. या एका वाटण्यावरून पुढचा सगळा घोळ झाला.

तुला आमच्या क्रीडा मंडळाचं माहीत नाही. सड्यावर, कातळाच्या त्या सपाटीवर, आमचं मैदान आहे, आणि त्याच्या दोन टोकांना मी शाळेत असताना उभे केलेले फुटबॉलचे खांब आहेत. बाकी गाव क्रिकेटवालं. फुटबॉल म्हणजे मी आणि माझे अकरा. त्यातला एखादा दर वर्षी मुंबईला नोकरीला जातो. लांज्याच्या संघाकडून आम्ही नऊ वर्षं ओळीने हरत आलो, आणि नोव्हेंबरच्या सभेत ठराव झाला की यंदा माघी गणपतीच्या सामन्यात हरलात तर खांब काढायचे आणि मैदान कायमचं क्रिकेटला द्यायचं. ठरावाच्या बाजूने एकवीस, विरुद्ध मी. (माझा हात दोनदा मोजावा अशी सूचना मी केली, ती फेटाळली गेली.) अशा वेळी माझ्या अंगणात आंतरराष्ट्रीय खेळाडू उगवला! मी गप्प बसलो असतो तर मी तुझा भाऊ नसतो. दुसऱ्या दिवशी सभा बोलावली, फेर्मीनला तुळशीवृंदावनाशेजारी उभं केलं आणि जाहीर केलं की हा आमच्याकडून खेळणार. तो बिचारा हसला आणि मान डोलावली. गोव्याच्या क्लबने त्याला हंगामाच्या मधेच मोकळं केलं होतं आणि त्याला कुठे जायची घाई नव्हती. गावच्या नाक्यावर त्याचा फलक लागला. त्यात तो हवेत उडी मारून चेंडूला लाथ मारतोय. ते चित्र मीच काढून दिलं. धड त्याचं, पाय माझ्या कल्पनेतले.

लांज्याच्या संघाचा अध्यक्ष सुजय. माझाच विद्यार्थी, सहामाहीला दक्षिण अमेरिका आफ्रिकेच्या उजवीकडे काढणारा. फलक बघून तो मुद्दाम मोटरसायकलवरून आला आणि म्हणाला, "सर, किती गोल मारणार तुमचा पाहुणा?" मी म्हटलं, "तुला मोजता येतील त्यापेक्षा जास्त." हे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आमचा कर्णधार भागोजी पडवीत आला. हा टेम्पो चालवतो, बोलायला कमी, पण चेहरा असा की गावात कोणी गेलं असावं. म्हणाला, "गुर्जी, ह्यो फुडं येतच नाय."

"म्हणजे?"

"खांबात जाऊन हुबा ऱ्हातो. बॉल मारा म्हटलं, तर हात पसरतो."

मी फेर्मीनला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, मी गोलकीपर." मग थोडं थांबून म्हणाला, "दुसरा गोलकीपर." आणि मग, ताई, त्या माणसाने पडवीच्या पायरीवर बसून मोडक्या इंग्रजीत आणि गोव्यात उचललेल्या त्याहून मोडक्या मराठीत आपली सगळी कारकीर्द सांगितली. दुसरा गोलकीपर म्हणजे पहिल्याला काही झालं तर उतरणारा. पहिले गोलकीपर फार धडधाकट असतात. सतरा वर्षांत तो एकोणीस सामने खेळला, बाकी सगळे बाकावरून बघितले. पोलंडमधला बाक लोखंडी, कझाकस्तानात घोंगडी मिळायची, ग्रीसमधला क्लब बुडाला तेव्हा पगाराऐवजी बाकच घेऊन जा म्हणाले. स्पेनच्या मोठ्या लीगमध्ये तो अकरा मिनिटं खेळला, कारण पहिल्याच्या डोळ्यात किडा गेला. त्या अकरा मिनिटांत चेंडू त्याच्याकडे एकदाही आला नाही. त्याची आई मासेमारीच्या गावात डबाबंद माशांच्या कारखान्यात होती, तिने सगळ्या कारखान्याला टीव्हीपुढे बसवलं होतं. पण कॅमेरा चेंडूमागे फिरतो ना. त्यांना तो दिसलाच नाही.

मी काय केलं? खरं सांगतो, मी रागावलो. फलक, सुजय, ठराव, सगळं डोळ्यापुढे आलं. म्हटलं, अरे, आधी सांगायचंस! तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही. तुम्ही सरोवर विचारलं." आणि उठून खोलीत गेला. थोड्या वेळाने बॅग घेऊन बाहेर आला. इतकी नीट भरलेली बॅग मी कधी पाहिली नाही. बारा वेळा भरून हाताला सवय झालेली. मला लाज वाटली आणि मी उगाच नकाशा गुंडाळत बसलो. हिने मात्र दाराशी उभं राहून सांगितलं की घावने टाकलेत, खाल्ल्याशिवाय कोणी कुठे जात नाही. तो खात असताना भागोजी, जो अजून अंगणातच उभा होता, म्हणाला, "त्यांना इचारा, जाताय कशाला? आमचा गोलकीपर दीपक मुंबैला गेला. गोलात हुबा ऱ्हायला दुसरा कोण नायच. हेच पयले."

मी भाषांतर केलं. फेर्मीनने घावन खाली ठेवलं. "पहिला?" त्याने विचारलं. भागोजीने एक बोट वर केलं. ताई, एवढा मोठा गडी, पण नारळाच्या रसात बोट बुडवून नुसता बसून राहिला. मग त्याने बॅग उघडली आणि हातमोजे काढले. कोरे होते.

सामन्याला चार गावं लोटली. पहिल्या अर्ध्यात आम्ही तीन गोल खाल्ले. (दोष त्याचा नाही, कातळावर टप्पा कुठे उसळेल हे कातळालाही माहीत नसतं.) लोक फलकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. मी छत्रीआड गेलो. मधल्या सुट्टीत मात्र फेर्मीनने पोरांना गोल बसवलं. सतरा वर्षं बाकावर बसून माणूस काय करतो? बघतो. त्याने लिंबूपाण्याच्या पेल्यांनी लांज्याचा संघ मांडला आणि दाखवलं की त्यांचा उजवीकडचा बचाववाला दमला की मोजे वर ओढतो, तेव्हा त्याच्या अंगावर जा. त्यांचा मधला खेळाडू डाव्या पायाने मारायला घाबरतो. भागोजी म्हणाला, "च्यायला, हे मला म्हाइतीच नव्हतं, मी त्यांच्याशी नऊ वर्सं खेळतोय." दुसऱ्या अर्ध्यात त्या गड्याने मोजे ओढले की आमचे दहाच्या दहा तिकडे धावत सुटायचे. तीन गोल फिटले. तिसरा भागोजीच्या खांद्यावरून गेला की हातावरून, यावर अजून वाद आहे, पण पंच आमच्या गावचा जावई.

मग पेनल्ट्या. चार त्यांच्या, चार आमच्या, सगळ्या आत. आमची पाचवीही आत गेली, आता त्यांची शेवटची, आणि सुजयने अध्यक्षपद बाजूला ठेवून स्वतः बूट चढवले. शिट्टी झाली. फेर्मीनने चित्त्यासारखी उजवीकडे झेप घेतली आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला! ताई, मी छत्री फेकली. खांब वाचले. भागोजी आणि मंडळींनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, पण उंचीमुळे पाय जमिनीवरच राहिले. सुजय माझ्या पाया पडला. मी त्याला नकाशा द्यायचं कबूल केलं आहे.

बाकी काय? काजू यंदा बरा आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
देवदत्त

ता. क. १. मुंबईतल्या एका प्रशिक्षण केंद्राला गोलकीपर शिकवणारा माणूस हवा आहे. फेर्मीनला तिथे भेटायला बोलावलंय. चार दिवस तुझ्याकडे राहील.

ता. क. २. चार दिवस म्हणजे जूनपर्यंत. भावोजींना हळूहळू सांग.

ता. क. ३. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, म्हणजे तू वाचशील तेव्हा तो दारात उभा असेल. नाक मुरडायचं असेल तर वाचतानाच मुरडून घे, पत्रात काय आहे ते त्याला कळणार नाही. हिने त्याला मुळाक्षरं शिकवलीत, पण 'ढ'च्या पुढे गाडी गेलेली नाही.

*(खाली, मोठ्या आणि तिरक्या अक्षरात)*

नमस्कार ताई. मी फेर्मीन. गाडीत आठ तास होते. पाकीट उघडा होता. काकूने सगळे अक्षर शिकवले, गुरुजीला सांगितले नाही. एक चूक आहे. मी बॉल पकडला नाही. मी डावीकडे उडी मारला, बॉल खांबाला लागला, मग माझ्या डोक्याला, मग बाहेर. गुरुजी तेव्हा छत्रीच्या मागे होते.

ताई, वाचून झाले की पत्र मला परत द्या. माझ्याबद्दल एवढे कोणी लिहिले नाही. आईला पाठवायचे आहे.