तळे निंदल्याबद्दल झालेली कॅनोबंदी उठवणेबाबत

प्रति,
मा. शाखा अधिकारी साहेब,
जलपर्यटन शाखा, पिंपळदरा तलाव,
जि. वाशिम

अर्जदार : जिजाबाई भ्र. गुलाबराव गोटे, वय ६३, धंदा भाजीपाला, रा. अनसिंग

विषय : अनसिंगच्या चौदा भाजीवाल्या बायांवरील कॅनोबंदी उठवणेबाबत.

संदर्भ : तलावाच्या फाटकावर चिकटवलेला आपला कागद, ज्यात अर्जदाराचे नाव सर्वांत वर आहे.

महोदय,

१. अर्जदार दुसरी शिकलेली असून सही स्वतः करते. चाळीस वर्षांपासून वांगी, मिरची, सांबार (कोथिंबीर) पिकवते. गावच्या चौदा बायांनी एक दिवस कॅनोत बसून यायचे ठरवले. भाजीचा तोडा रोजचा असल्याने सात जणींनी या रविवारी जावे, सात जणींनी शेत सांभाळून पुढच्या रविवारी जावे, असा निवाडा अर्जदारानेच केला. पहिल्या सातांत अर्जदार होती. सून उज्ज्वला वांगी तोडायला मागे राहिली.

२. कॅनो ही लांबट, अरुंद होडी असते व तीत उभे राहू नये, हे नावाडी राजपाल याने नीट समजावले. सात बाया तीन कॅनोत बसल्या. अर्जदार सर्वांत पुढे होती. लग्न झाल्यापासून जिच्या पुढे कोणी नाही अशी जागा तिला पहिल्यांदाच मिळाली. नानीबाईची कॅनो बराच वेळ जागीच गोल फिरली. नानीबाई हे कबूल करणार नाही.

३. पलीकडच्या उथळ पाण्यात पाणकणीस दिसले. याच तणाने दरसाल पाटाचे पाणी अडते. शिवाय ते सरळ ओळीत उभे. कोणी कोणाला सांगितले नाही. तणाजवळून रिकाम्या हाताने जायची या बायांना सवयच नाही. प्रत्येकीने निंदणीची आपली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, धरली आणि अर्ध्या घंट्यात दोन ओळी मुळासकट काठावर.

४. तेवढ्यात राजपालने शिट्टी मारली. शेतात राखणदाराची शिट्टी म्हणजे पाखरे उतरली. म्हणून सातही जणींनी वल्ही पाण्यावर आपटून मोठ्याने हुर्र केले. तळ्यातली सगळी बदके मंगरूळपीरच्या दिशेने गेली. राजपाल वल्हवत आला, काठावरचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "मावशी, हे तन नाही. बदकाच्या घरट्यासाठी साहेबानं लावेल हाय."

५. चूक झाली हे अर्जदार मान्य करते. मात्र बाया वांग्याच्या वाफ्यात बुजगावणे तरी उभे करतात, आपण एवढ्या लागवडीत साधी पाटी लावली नाही, हेही कागदावर यावे.

६. आपण नोंदणीतल्या चौदाही जणींना कायमची बंदी घातली. पैकी सात जणींनी तळे पाहिलेदेखील नाही. उज्ज्वलाच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. विहिरीपेक्षा रुंद पाणी तिने पाहिलेले नाही. तिला नेईन असा शब्द अर्जदाराने दिला होता. बंदीचे कळल्यावर ती चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, तन तुमी उपटलं अन् कॅनो माही गेली." अर्जदाराला घरात उलटून कोणी बोलत नाही. त्या दिवशी ती बोलली, म्हणून हा अर्ज.

७. सबब विनंती अशी : उपटलेले पाणकणीस अर्जदाराने त्याच दिवशी जीपमधून घरी आणून ओल्या गोणपाटात सावलीला ठेवले आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे चालू आहे. अर्जदाराने लावलेले मिरचीचे रोप आजवर मेले नाही, हेही मरणार नाही. येत्या रविवारी दुसऱ्या सात जणी ते होते तसे ओळीत लावून देतील. लावायला पाण्यात जावे लागेल, म्हणून त्यांना कॅनो द्यावी. लागवड आटोपली की तळ्याला एक पूर्ण फेरी मारू द्यावी.

८. बंदी घालायचीच असेल तर ती एकट्या अर्जदारावर ठेवावी. ती भाकरीची गाठोडी सांभाळत काठावर बसेल. तिच्या तोंडावर मात्र बंदी नसावी. उज्ज्वलाला वल्हे कसे धरायचे ते काठावरून कोणीतरी सांगावे लागेल.

या अर्जापुरती नम्र,
(सही) जिजाबाई गोटे
अनसिंग, दि. १० डिसेंबर २०२५

सोबत : पाणकणसाचा एक गड्डा, जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी. निर्णय होईपर्यंत त्यावर पाणी शिंपडत राहावे.