मालकाचं म्हणणं

५ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र इंग्रजीत लिहायला बसले होते. तीन ओळींत गाडी अडली, म्हणून मराठीत.

काल आम्हाला प्रत्येकाला एक जनावर तपासून त्याची केस वर्गासमोर इंग्रजीत मांडायची होती. माझ्या वाट्याला कास सुजलेली गाय आली. तिला नीट तपासलं, ताप मोजला, दूध पाहिलं. तिला काय झालंय ते मला कळलंही होतं. मग उभी राहिले आणि तोंडातून निघालं, ‘काऊ इज सिक.’ पुढे काहीच नाही. सर बसा म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नोव्हेंबरात पुन्हा एक संधी आहे. तेव्हाही अशीच थिजले तर वर्ष गेलं.

इथल्या मुली वाईट नाहीत. पण माझं वाक्य जुळेपर्यंत त्यांचा विषय बदललेला असतो. जेवायला मी खांबामागच्या टेबलावर बसते. तिथे एकच खुर्ची मावते. तू जन्मभर शास्त्राच्या मुलांना इंग्रजी शिकवलंस. माझ्यासारख्या ठोंब्याचं काय करायचीस?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. दिवाणजींना कानामागे खाजव.

लोभ आहेच, तो या गाईपायी आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रडगाणं दोन परिच्छेदांत आटोपलंस, हे चांगलं केलंस.

तुला इंग्रजी येत नाही असं नाही. तुला सगळं एकदम सांगायची घाई होते. शास्त्राचं इंग्रजी गप्पांच्या इंग्रजीपेक्षा सोपं असतं, कारण त्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. आधी जनावर कोणतं, वय काय. मग मालकाचं म्हणणं. मग तुला काय दिसलं. तुझं मत सर्वांत शेवटी, तेही एका वाक्यात. मालकाचं म्हणणं आणि तुला दिसलेलं यांची सरमिसळ करायची नाही. मालक सहसा खोटं बोलत नाही, सोयीचं तेवढं बोलतो. बाकीचं जनावराच्या अंगावर वाचायचं असतं.

सरावाला पेशंट देते, आमचे दिवाणजी. गावठी कुत्रा, नर, वय नऊ. तक्रार अशी की अंगाने सुटले आहेत, दिवसभर पडून असतात, चालताना फरशीवर नखं वाजतात. मी मालक, तू डॉक्टर. केस इंग्रजीत लिही, मी तपासून परत पाठवीन. घरच्या गप्पा वेगळ्या कागदावर.

तुझ्या बाबाला मी काही कळवत नाही. कळवण्यासारखं माझ्याकडेही काही नाही.

लोभ अभ्यासावर असू दे, माझ्यावर आपोआप राहील.
आत्या

२५ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

केस सोबत जोडली आहे. वजन वाढलंय, सुस्ती आहे, तेव्हा थायरॉइडच. निदानाचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक आहे की लिहिताना माझाच ऊर भरून आला. संध्याकाळी गोठ्यात जाऊन वासरांना केस मोठ्यानं वाचून दाखवते. ती हसत नाहीत. सध्या माझं बोलणं होतं ते एवढंच.

लाल शाई जरा बेतानं वापर. लोभ वाढवावा.
भिंगरी

३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पोस्टमननं तुझं पाकीट गॅलरीतून सोडलेल्या टोपलीत टाकलं, ते लगेच वाचलं. मोठ्या शब्दामागे लपू नकोस. थायरॉइडचा विकार असता तर केस गळाले असते. दिवाणजींचे केस चकचकीत आहेत. ते काय खातात, किती फिरतात, हे तू विचारलंच नाहीस. ज्याला प्रश्न विचारता येत नाहीत, त्याला मत मांडायचा अधिकार नाही.

विचारलं नाहीस तरी सांगते. दोन वेळा त्यांची वाटी, शिवाय माझ्या ताटात उरतं ते. फिरणं गॅलरीत.

रागावू नकोस. रागावलीस तर इंग्रजीत रागाव.
आत्या

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

वेगळ्या कागदावर सात प्रश्न पाठवले आहेत. व्याकरण चुकलं असेल, पण प्रश्न टाळू नकोस. तूच म्हणालीस, मालकानं उत्तर द्यायचं असतं. दिवाणजी वाचनालयामागच्या मैदानावर शेवटचे कधी गेले? जिना उतरताना त्यांचा पाय दुखतो का? ताटात नेमकं किती उरतं? टोपली कधीपासून?

भिंगरी

२४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रश्न चांगले आहेत. दोन ठिकाणी काळ चुकला आहे, तो दुरुस्त केला. उत्तरं अशी. मैदान, जूनपासून नाही. जिन्यावर पाय दुखतो का ते सांगता येत नाही, कारण जिना उतरणं झालेलं नाही. पलंगावर मात्र सहज उडी मारतात. ताटात अर्ध्याहून जास्त उरतं. टोपलीही जूनपासूनच.

शेवटचे दोन प्रश्न पेशंटबद्दल नव्हते. विचारलेस म्हणून उत्तर दिलं.

आत्या

६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

इंग्रजी प्रत सोबत आहे. मराठीतही लिहिते, म्हणजे भाषेच्या चुका काढून मुद्दा टाळता येणार नाही.

दिसलेलं: नखं वाढलीत, कारण ती रस्त्यावर झिजत नाहीत. वजन वाढलंय, कारण कुत्रा दोघांचं जेवण जेवतो. सांधे ठीक, केस ठीक, भूक उत्तम. मत: जनावर निरोगी आहे. मालक जिना उतरू शकत नाही, आणि जेवत नाही.

आत्या, काय झालं ते सांग. बाबांना मी कळवलेलं नाही. ते तुला त्यांच्याकडे नेतील आणि तिथे कुत्रा चालत नाही, एवढं मलाही कळतं. पण तू पडली आहेस, हो ना?

भिंगरी

१८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भाषा स्वच्छ आहे. वाक्यं छोटी, सगळं जागच्या जागी. नोव्हेंबरात हीच केस मांड.

मात्र एक उणीव आहे. पेशंटला हात न लावता केलेलं निदान मी मान्य करत नाही.

आत्या

२१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

काल केस मांडली. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती, म्हणून एकातून दुसरी सापडत गेली. पत्रातून आलेली केस आहे हे आधीच सांगितलं. शेवटच्या वाक्यापर्यंत थिजले नाही. जेवताना एक मुलगी खांबामागे खुर्ची घेऊन आली. मावत नव्हती, ती आडवी बसली. तिला कुत्र्याचं पुढे काय झालं ते हवं होतं. मी अडखळत सांगितलं, तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

सरांनी इंग्रजीत पास केलं. केसचे गुण मात्र राखून ठेवले. म्हणाले, निदान पटतं, पण जनावराला हात लावलेला नाही. जा, तपासून या. अगदी तुझ्यासारखेच आहेत.

तेव्हा शनिवारी येते आहे. नको म्हणायला पत्र पोचणार नाही. बाबांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

भिंगरी

२४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुला परत गेल्यावर मिळेल, तरी लिहिते. उद्या तू येशील. इतका वेळ कोणाची वाट पाहायची सवय राहिलेली नाही, हात मोकळे ठेवले तर खिडकीपाशी जाऊन उभी राहीन, आणि फार उभं राहवत नाही.

दाराला आतून कडी लावणार नाही. उठून उघडायला मला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तू जिन्यावर उभी राहून काळजी करशील. हे मालकाचं म्हणणं नव्हे. हे दिसलेलं आहे, असंच नोंदव.

स्वयंपाक दोघींचा करते आहे. दिवाणजींना उद्यापासून त्यांच्या वाटीपुरतंच. डॉक्टर घरी येणार आहेत.

आत्या